पर्वतीय स्नोमोबाइलचे मागील सस्पेन्शन : पर्यायी जुळणी निवडण्याचे तांत्रिक निकष

प्रस्तावना :

बर्फाच्छादित पर्वतांत चालविण्यासाठी तयार केलेली स्नोमोबाइल हे वरवर पाहता साधे वाहन आहे. पुढे दोन स्की, मागे एक लांब रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन व चालक, एवढीच त्याची ढोबळ रचना होय. परंतु दोन-तीन फूट खोल भुसभुशीत बर्फातून तीव्र चढ चढणे, उताराला आडवे जाणे, उंचवट्यावरून उडी घेऊन पुन्हा बर्फावर उतरणे ही कामे हे वाहन कितपत चांगली करते, हे इंजिनाच्या शक्तीइतकेच त्याच्या मागील सस्पेन्शनवर अवलंबून असते. अमेरिकेतील आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, युटा व कोलोरॅडो ही राज्ये आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा हे प्रांत या वाहनाचे मुख्य क्षेत्र होत. तेथील अनेक चालक मूळ उत्पादकाने बसविलेले सस्पेन्शन अंशतः वा पूर्णतः बदलून स्वतंत्र कारखानदारांनी बनविलेले, म्हणजेच ज्यास व्यवहारात 'आफ्टरमार्केट' म्हटले जाते असे, सस्पेन्शन बसवितात. या बदलासाठी काही हजार डॉलर खर्च होऊ शकतात. हा खर्च केव्हा सार्थ ठरतो, केव्हा व्यर्थ जातो आणि निवड करताना कोणते निकष लावावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

भारतीय वाचकास हे वाहन अगदीच अपरिचित आहे असे नाही. सियाचीन हिमनदीवर भारतीय लष्कर स्नो-स्कूटरचा वापर करते आणि गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांनी तिच्यावरून फेरफटका मारलेला असतो. तथापि पर्यटकांच्या सेवेतील ही आखूड पट्ट्याची, दोघांना बसण्याजोगी वाहने आणि येथे अभिप्रेत असलेली लांब पट्ट्याची पर्वतीय स्नोमोबाइल यांत मोठा फरक आहे. स्प्रिंग व अवमंदन यांची मूलतत्त्वे मात्र तीच आहेत, जी यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मोटारसायकलच्या मागील शॉक ॲब्झॉर्बरमध्ये आढळतात.

पार्श्वभूमी :

क्वेबेक प्रांतातील व्हालकूर येथील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९३७ साली पट्टा व दातेरी चाक यांच्या रचनेचे पेटंट मिळविले आणि १९५९ साली 'स्की-डू' हे लहान वाहन बाजारात आणले. तत्पूर्वी १९५४ साली मिनेसोटा राज्यातील रोझो येथे पोलारिस कंपनीचा प्रारंभ झाला होता. सुरुवातीच्या वाहनांत पट्ट्याच्या आत लहान चाकांच्या जोड्या असत व त्यांवर वाहनाचा भार पेलला जाई. पुढे चाकांची जागा दोन समांतर रुळांनी घेतली. या रुळांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या असतात व त्यांवरून रबरी पट्टा सरकत जातो. आजची सर्व पर्वतीय सस्पेन्शन याच कल्पनेचा विस्तार आहेत.

स्वतंत्र कारागिरांनी या क्षेत्रात केलेली कामगिरी लक्षणीय आहे. जेरार्ड कार्पिक यांची 'एम-१०' ही रचना १९९० च्या दशकात गाजली. ती प्रामुख्याने आखीव मार्गांवरील आरामासाठी होती. पर्वतीय वाहनांसाठी आयडाहो राज्यातील सँडपॉइंट येथील ॲलन मँगम यांच्या 'टिंबरस्लेड' या उद्योगाने 'माउंटन टेमर' हे सस्पेन्शन बनविले. पुढे याच उद्योगाने मोटारसायकलला बर्फावर चालविण्याचे संच तयार केले व २०१५ साली पोलारिसने तो विकत घेतला. लहान कार्यशाळेत जन्मलेली कल्पना मोठ्या कारखान्याच्या पदरी जाण्याचा हा प्रवास या व्यवसायात पुनःपुन्हा दिसतो. परिणामी मूळ सस्पेन्शनही उत्तरोत्तर सुधारत गेले. वीस वर्षांपूर्वी 'बदलणे अपरिहार्य' असे ज्याविषयी म्हटले जाई, त्याविषयी आज तसे सरसकट म्हणता येत नाही.

मागील सस्पेन्शनची रचना :

पट्ट्याच्या आत बसणाऱ्या संपूर्ण चौकटीस तेथील चालक 'स्किड' म्हणतात. त्यात दोन रूळ, त्यांना वाहनाच्या धातूच्या बोगद्यासारख्या सांगाड्याशी म्हणजे टनेलशी जोडणाऱ्या पुढील व मागील अशा दोन भुजा, प्रत्येक भुजेचा एक शॉक ॲब्झॉर्बर, स्प्रिंगा, पट्ट्याला वळण देणारी चाके आणि पुढील भुजेचा विस्तार मर्यादित ठेवणारी एक कापडी पट्टी यांचा समावेश होतो. शेवटचा भाग सर्वांत स्वस्त. परंतु वाहनाच्या स्वभावावर त्याचा परिणाम सर्वांत मोठा.

ही मर्यादा-पट्टी आखूड केली की रुळांचे पुढील टोक वर ओढले जाते. त्यामुळे पट्टा बर्फाला कमी कोनात भिडतो, स्कीवरील भार वाढतो व वाहन वळणास आज्ञाधारक बनते. पट्टी सैल सोडली की पुढील भुजा अधिक उघडते, थ्रॉटल दाबताच भार मागे जातो आणि स्की हवेत उचलल्या जातात. पुढील भुजेच्या स्प्रिंगवरचा पूर्वताण वाढविल्यासही स्कीवरील भार घटतो. म्हणजेच 'चढावर पुढचा भाग फार उचलला जातो' ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अनेकदा एका छिद्राने पट्टी आवळून दूर होऊ शकते. त्यासाठी नवीन स्किडची गरज नसते.

चढावर पुढचा भाग का उचलला जातो, याचे गणित सोपे आहे. चालकासह वाहनाचा गुरुत्वमध्य बर्फापासून ६० सेंमी उंचीवर आहे असे धरल्यास ३० अंशांच्या उतारावर भाराची रेषा सपाटीच्या तुलनेत सुमारे ३५ सेंमी मागे सरकते आणि ४० अंशांवर ती ५० सेंमी मागे जाते. बर्फावर टेकलेल्या पट्ट्याची लांबी साधारण दीड मीटरच्या आत-बाहेर असते. म्हणजे तिच्या एक-तृतीयांशाइतका भार केवळ उतारामुळे मागे जातो, आणि वाहन वेग घेत असेल तर त्यात आणखी भर पडते. सस्पेन्शनची रचना हे सरकणे थांबवू शकत नाही. भार मागे गेल्यावर मागील भुजा किती दबेल व रुळांचा कोन किती बदलेल, एवढेच तिच्या हाती असते.

जोडलेली रचना व मुक्त रचना :

येथे या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद येतो. काही सस्पेन्शनमध्ये मागील भुजा ठराविक मर्यादेपलीकडे दबली की ती पुढील भुजेलाही दबण्यास भाग पाडते. यास जोडलेली रचना म्हणता येईल. यात वाहन मागे बसत नाही, स्की बर्फाशी राहतात व दीर्घ, सरळ चढावर चालकाला विश्वास वाटतो. मुक्त रचनेत दोन्ही भुजा बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे हलतात. थ्रॉटलच्या एका झटक्याने पुढचा भाग उचलता येतो, झाडांमधून वाट काढताना वाहन जागच्या जागी वळविता येते. पोलारिसने २०२० च्या मॉडेल-वर्षात 'आरएमके खेऑस' हे वाहन मुक्त रचनेसह आणले. त्याच कंपनीच्या 'प्रो-आरएमके'ची ओळख जोडलेल्या रचनेची होती. एकाच कारखान्याने दोन स्वभावांची दोन वाहने विकावीत, यातच 'सर्वोत्तम सस्पेन्शन कोणते?' या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. प्रश्न चढण्याच्या पद्धतीचा आहे.

इतर उत्पादकांनी वेगळ्या वाटा शोधल्या. स्की-डूने २०१३ च्या मॉडेल-वर्षापासून 'टी-मोशन' ही रचना दिली. तीत मागील भुजेस बाजूला काहीसे झुकण्याची मुभा असते, त्यामुळे वाहन आडव्या उतारावर कलते करणे सोपे जाते. आर्क्टिक कॅटने २०१९ च्या मॉडेल-वर्षात 'अल्फा वन' या नावाने दोन रुळांऐवजी एकच मध्यवर्ती रूळ आणला. अशा वाहनाच्या मालकाने दोन रुळांची पर्यायी चौकट बसविणे म्हणजे ज्या गुणासाठी वाहन घेतले तोच काढून टाकणे होय. तरीही असे बदल केले जातात, कारण आखीव मार्गावर कठीण बर्फावरून वेगाने जाताना सहज कलणारे वाहन डळमळते व काही चालकांना ते नकोसे वाटते.

स्प्रिंग : पोलादी की हवेची?

पर्यायी सस्पेन्शनच्या जाहिरातींत शॉक ॲब्झॉर्बरला मान मिळतो आणि स्प्रिंगला दुय्यम स्थान. वस्तुतः क्रम उलटा हवा. वाहनाचा व चालकाचा भार स्प्रिंग पेलते. शॉक ॲब्झॉर्बरचे काम स्प्रिंगच्या हालचालीतील ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत रूपांतरित करणे, म्हणजेच अवमंदन हे होय. चुकीच्या स्प्रिंगवर उत्तम शॉक बसविल्यास तो त्या चुकीशी झगडत राहतो.

कारखाना मध्यम वजनाचा चालक गृहीत धरून स्प्रिंग निवडतो. जड कपडे, बूट, शिरस्त्राण, पाठीवरील फावडे व एअरबॅग यांसह ११५ किलो भरणारा चालक आणि सर्व सामानासह ७० किलो भरणारी चालक यांना एकच स्प्रिंग योग्य ठरणे शक्य नाही. याची पडताळणी घरच्या घरी करता येते. मागील भाग पूर्ण उचलून बंपरची उंची मोजावी, नंतर चालकाने सर्व साहित्यासह वाहनावर उभे राहावे व पुन्हा उंची मोजावी. एकूण हालचालीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश इतके दबणे हा सर्वमान्य ठोकताळा आहे. दबणे याहून बरेच अधिक असेल तर स्प्रिंग मऊ आहे व बरेच कमी असेल तर ती कडक आहे. हे मोजमाप न करता नवे सस्पेन्शन मागविणारा ग्राहक बहुधा विक्रेत्याच्या अंदाजावर पैसे खर्च करीत असतो.

पिळाच्या स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. बाकी मापे तीच ठेवून ११ मिमी तारेऐवजी ११.५ मिमी तार वापरली, तर डोळ्यांना फरक जाणवतही नाही. परंतु ताठरता जवळजवळ २० टक्क्यांनी वाढते. जड चालकासाठी स्प्रिंगांची केवळ एक जोडी बदलणे हा म्हणूनच सर्वांत कमी खर्चाचा व बहुतेक वेळा पुरेसा उपाय ठरतो.

हवेच्या स्प्रिंगचे आकर्षण वेगळे आहे. पोलादी वेटोळे नसल्यामुळे वजन वाचते, दाब बदलून ताठरता हवी तशी ठरविता येते, आणि शेवटच्या टप्प्यात हवा अधिकाधिक आकुंचित होत असल्याने सस्पेन्शन सहजी तळाला आपटत नाही. फॉक्स कंपनीचे 'फ्लोट' मालिकेतील शॉक या प्रकारात सुपरिचित आहेत. वजनाचा मुद्दा पर्वतांत गौण नाही. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर साध्या इंजिनाची शक्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली असते व तेथे प्रत्येक किलो खोल बर्फातून वर न्यायचा असतो. कारखान्यातूनच टर्बो बसवून येणाऱ्या वाहनांमुळे, म्हणजे स्की-डूचे २०२० पासून व पोलारिसचे २०२२ च्या मॉडेल-वर्षापासून, शक्तीची ही तूट भरून निघाली. तरी अडकलेले वाहन खणून काढताना उचलावे लागते ते वजनच, आणि ते काम टर्बो करीत नाही.

हवेचा दोष तिच्या स्वभावातच आहे, तो म्हणजे तापमान. समजा, २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गॅरेजमध्ये शॉकमध्ये ७० पीएसआय दाब भरला. वातावरणाचा १४.७ मिळवून निरपेक्ष दाब ८४.७ होतो. वाहन उणे २० अंशांत रात्रभर उभे राहिले, तर निरपेक्ष तापमान २९३ वरून २५३ केल्विनवर येते आणि त्याच प्रमाणात दाब ७३ च्या आसपास उतरतो. मापकावर तो ५८ दिसेल. सुमारे २,५०० मीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाबच १०.८ पीएसआयपर्यंत कमी झालेला असतो, त्यामुळे तेथे हेच मापक ६२ दाखवील. म्हणजे ७० चा हिशोब करून निघालेला चालक प्रत्यक्षात आठ ते बारा पीएसआय कमी दाबावर दिवसाचा आरंभ करतो. पुढे खडबडीत मार्गावरून जाताना शॉक तापतो व दाब पुन्हा चढतो. यावर उपाय अवघड नाही. दाब बाहेरच्या थंडीत, मागील भाग उचलून सस्पेन्शन भारमुक्त केल्यावर, प्रवासाच्या आरंभस्थळी भरावा. परंतु ज्याला दर सकाळी पंप काढण्याचा कंटाळा आहे, त्याने हवेच्या शॉकच्या वाटेस न जाणे हेच श्रेयस्कर. पोलादी वेटोळ्याच्या वर्तनात थंडीने जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

शॉक ॲब्झॉर्बर :

साध्या शॉकमध्ये तेल व वायू एकाच नळीत असतात. सतत वेगाने हालचाल झाल्यास त्यांचा फेस होतो आणि अवमंदन ढासळते. त्याहून वरच्या प्रतीत तरता पिस्टन नायट्रोजन वायूला तेलापासून अलग ठेवतो. त्याच्याही वरच्या प्रतीत बाहेर स्वतंत्र टाकी असते, त्यामुळे तेलाचे प्रमाण वाढते व उष्णता पसरण्यास जागा मिळते. पर्वतीय चालकाला टाकीची गरजच काय, भुसभुशीत बर्फ मऊच असतो, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर नकाशात आहे. वाहने उभी करण्याच्या जागेपासून उंच उतारांपर्यंत अनेकदा २०-३० किलोमीटरचा वर्दळीने खड्डेमय झालेला मार्ग असतो. शॉक तेथे तापतात, आणि दुपारी थकलेला चालक परतताना पुन्हा तेथेच तापतात. पाठदुखीची तक्रार डोंगरावरील बर्फाची कमी आणि या मार्गाची अधिक असते.

उडीनंतर उतरतानाचा हिशोबही पाहण्याजोगा आहे. एक मीटर उंचीवरून सपाट कठीण बर्फावर उतरलेले वाहन सस्पेन्शनच्या ४० सेंमी हालचालीत थांबवायचे असेल, तर सरासरी बल वजनाच्या साडेतीनपट लागते. बर्फ स्वतः आणखी ४० सेंमी दबला, तर तेच सव्वादोनपटीवर येते. मूळ शॉक यापैकी अर्ध्या अंतरातच हार मानत असेल, तर उरलेला आघात टनेलच्या धातूला व चालकाच्या कण्याला सोसावा लागतो. टनेल वाकलेली जुनी वाहने विक्रीस येतात, त्यांमागे बहुधा हेच कारण असते. वरचेवर उड्या घेणाऱ्यासाठी शॉकवरील खर्च चैनीचा मानता येत नाही.

तथापि नवे शॉक घेण्यापूर्वी जुन्यांची अंतर्गत जुळणी बदलून पाहणे इष्ट. पिस्टनवरील पातळ पोलादी चकत्यांची थप्पी चालकाच्या वजनानुसार व शैलीनुसार बदलता येते, सील व तेल नवे घालता येते. शॉक उघडता येण्याजोगे असतील, तर जाणकार कारागीर हे काम नव्या जोडीच्या किमतीच्या अल्पांशात करून देतो. दोन-तीन हंगाम तेलच न बदललेला शॉक 'निकृष्ट' ठरविला जातो, हा त्या शॉकवर अन्याय होय.

जुळणीची मापे :

संपूर्ण स्किड बदलायचे ठरल्यास भावनेपेक्षा मोजपट्टी महत्त्वाची ठरते. पट्ट्याची लांबी पर्वतीय वाहनांत साधारण १५४ ते १७५ इंच, रुंदी १५ किंवा १६ इंच, आणि दात्यांमधील अंतर २.८६, ३ किंवा ३.५ इंच असते. लांबी, रुंदी, टनेलवरील छिद्रांची जागा व चालक-दंडावरील दातेरी चाके यांपैकी एक जरी जुळले नाही, तरी स्वस्तात मिळालेले जुने स्किड महाग पडते. लांब पट्ट्याविषयीचा एक गैरसमज येथे नोंदविणे आवश्यक आहे. पट्टा हे बंद वेटोळे असल्याने त्याची लांबी दहा इंचांनी वाढविली, तर बर्फावर टेकणारा भाग फक्त पाच इंचांनी वाढतो. तेवढीही वाढ तरंगण्यास उपयोगी आहेच; पण त्यासोबत वजन येते आणि झाडांमध्ये वळणे जड जाते.

पर्यायी रुळांच्या काही आकारांत मागील टोक वर वळविलेले असते. त्यामुळे मागे येणे, बाजूस कलणे व बर्फात रुतलेले वाहन सोडविणे सुलभ होते. त्याच प्रमाणात सपाट टेकणारा भाग थोडा कमी होतो. रूळ कोणतेही असोत, घसरपट्ट्यांना वंगण व थंडावा बर्फाचाच मिळतो आणि टनेलखालील शीतकही पट्ट्याने उडविलेल्या बर्फावर अवलंबून असतो. कठीण, गोठलेल्या मार्गासाठी बर्फ खरवडून उडविणारे तारेचे आकडे रुळांना लावले जातात. नव्या चौकटीवर त्यांची सोय आहे किंवा नाही, हे अनेक ग्राहक पाहावयास विसरतात.

सुट्या भागांच्या उपलब्धतेचा विचारही आता टाळता येत नाही. यामाहाने २०२३ साली स्नोमोबाइल व्यवसायातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची घोषणा केली. आर्क्टिक कॅटचे उत्पादन २०२४ च्या अखेरीस तिच्या तत्कालीन मालक टेक्स्ट्रॉनने स्थगित केले व २०२५ साली ती कंपनी नव्या मालकांकडे गेली. अशा वाहनांच्या मालकांना पर्यायी सस्पेन्शन हा केवळ सुधारणेचा नव्हे, तर वाहन चालू ठेवण्याचाही मार्ग ठरू शकतो. मात्र छोट्या कार्यशाळाही बंद पडतात. म्हणून ज्या चौकटीतील बेअरिंग, बुश व चाके प्रमाणित मापांची आहेत आणि इतरत्र मिळू शकतात, तिला झुकते माप देणे व्यवहार्य होय. वाहन हमीच्या काळात असेल, तर बदलामुळे संबंधित भागांची हमी नाकारली जाण्याची शक्यता असते, हेही विक्रेत्याकडून आधीच लेखी समजून घ्यावे.

अधिक क्षमता आणि हिमस्खलन :

चांगले सस्पेन्शन चालकाला पूर्वी न पोहोचलेल्या उतारावर नेते, आणि प्रश्न तेथेच उद्भवतो. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि पर्वतीय वाहनाची क्षमता वाढते ती नेमक्या याच पट्ट्यात. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियातील फर्नीजवळ हार्वी पास येथे स्नोमोबाइल घेऊन गेलेले आठ जण हिमस्खलनांत मरण पावले. १३ मार्च २०१० रोजी त्याच प्रांतात रेव्हलस्टोकजवळील बोल्डर माउंटन येथे चालकांच्या मोठ्या जमावावर हिमस्खलन कोसळून दोघांचा मृत्यू झाला व तीसच्या आसपास लोक जखमी झाले. एकाच उतारावर कोण उंच जातो याची चढाओढ, ज्यास तेथे 'हायमार्किंग' म्हणतात, विशेष घातक मानली जाते. वाहन जितके उंच चढते, तितके ते उताराच्या ताणलेल्या थरावर वर जाऊन वळते आणि खाली थांबलेले साथीदार कोसळणाऱ्या बर्फाच्या मार्गात असतात.

यावरून सस्पेन्शन बदलू नये असा अर्थ निघत नाही. आडव्या उतारावर नियंत्रणात राहणारे वाहन धोकादायक उतार टाळून वळसा घेण्यासही मदत करते. परंतु खर्चाचा क्रम लावताना शोध-ट्रान्सीव्हर, शोधकाठी, फावडे आणि हिमस्खलन-प्रशिक्षण यांच्यानंतरच शॉकचा विचार व्हावा, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. एका उत्तम शॉकच्या किमतीत ही बरीचशी तजवीज होऊ शकते.

बसविल्यानंतर :

नवे स्किड बसविले म्हणजे काम संपले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात उत्पादकाने दिलेली मांडणी हा फक्त प्रारंभबिंदू होय. पट्ट्याचा ताण पुस्तिकेनुसार, ठरलेले वजन टांगून मोजावा लागतो. तो सैल असल्यास दातेरी चाक पट्ट्यावरून घसरते, अतिघट्ट असल्यास शक्ती वाया जाते व बेअरिंग तापतात. पट्टा मध्यभागी धावतो की एका बाजूस झुकतो, हे मागील धुरी समान ठेवून पाहावे लागते. पहिल्या दिवसानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. ॲल्युमिनियमच्या टनेलमधील नवी छिद्रे आरंभी थोडी 'बसतात' व सैल झालेला बोल्ट छिद्र लांबट करून टाकतो. त्यानंतर मर्यादा-पट्टी, पूर्वताण व अवमंदनाचे बटण यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर तोच चढ, तोच वळणाचा टप्पा पुन्हा चालवून नोंद ठेवावी. एकदम तीन बदल करणाऱ्याला वाहन सुधारले तरी ते कशामुळे, हे कळत नाही.

काढलेले मूळ स्किड जपून ठेवावे. वाहन विकताना अनेक खरेदीदार मूळ जुळणीच पसंत करतात, आणि पर्यायी स्किड स्वतंत्रपणे विकल्यास दोहोंची किंमत बहुधा अधिक येते.